हूगार्डनचा गवळी

युरोप पाहून आलेल्या माणसाने काय लिहावे ह्याचा एक साचा आपल्याकडे ठरून गेला आहे. आल्प्सचे बर्फ, पॅरिसचा मनोरा, व्हेनिसचे कालवे आणि शेवटी आपल्या घरच्या वरणभाताची आठवण. प्रस्तुत लेख त्या साच्यात बसणारा नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयता बेल्जियममधील ल्यूव्हन ह्या शहरी चिरंजीवांकडे तीन आठवडे राहून आलो. तेथे मी जे पाहिले त्यात मनात घर करून राहिले ते एक गव्हाचे पेय. आणि ते पेय मद्य आहे. शाळेच्या मुख्याध्यापकाने असल्या विषयाला हात घालावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. पूर्वी मलाही रुचले नसते. का रुचले नसते आणि आता लिहावेसे का वाटले, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

ल्यूव्हन हे ब्रुसेल्सपासून आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावरील विद्यापीठाचे गाव. विद्यापीठाची स्थापना १४२५ सालची. गावाच्या मध्यभागी पंधराव्या शतकातला नगरभवनाचा वाडा उभा आहे. त्याच्या भिंतींवर मूर्तींची एवढी दाटी आहे, की आपल्याकडील एखाद्या हेमाडपंती देवळाच्या बाह्यांगाची आठवण व्हावी. विद्यापीठाचे ग्रंथालय १९१४ साली जर्मन सैन्याने जाळले. पुन्हा बांधले, तर १९४० साली ते पुन्हा जळाले. आणि पुन्हा उभे राहिले. पुस्तकांचे हे गाव बिअरचेही गाव आहे. जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचे मुख्य कार्यालय येथेच आहे. आमचे चिरंजीव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे संशोधन करतात, आणि सुटीच्या दिवशी आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बिअर करतात. हे दुसरे त्यांनी पत्रातून किंवा फोनवरून आम्हांस कळविले नव्हते.

ते कळले जिन्यात. दोन्ही हातांत बॅगा घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढत असताना एक वास आला. शिजलेल्या धान्याचा, किंचित गोडसर आणि त्याच्या तळाशी आंबूस. मी थांबलो. मंडळींना वाटले, दम लागला. तो वास मी तीस वर्षांत घेतला नव्हता आणि तरी तो ओळखीचा होता.

"बाबा, तुम्हांला आवडणार नाही, म्हणून सांगितले नाही," मुलगा म्हणाला. तो खालमानेने बॅगा उचलू लागला. मी काहीच बोललो नाही. स्वतःच्या पानापुरती बिअर घरी करणे त्या देशात गुन्हा नाही. आपल्याकडे परवान्याशिवाय असे काही करणे गुन्हाच आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मुलाने नव्या खेपेचा घाट घातला. मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. पण स्वयंपाकघर आणि बसण्याची जागा एकच असल्यामुळे मला सर्व दिसत होते, आणि थोड्या वेळाने मी वर्तमानपत्र मिटून ठेवले.

वीस लिटर पेयासाठी त्याने सव्वादोन किलो जवाचे माल्ट, दोन किलो कच्चा गहू आणि पाव किलो ओट मोजून घेतले. माल्ट म्हणजे धान्य भिजवून, त्याला मोड आणून, मोड वाढण्याच्या आधीच वाळवून ठेवलेले. मोड आलेली नाचणी वाळवून दळण्याची रीत आपल्या घरांत आहेच, तत्त्व तेच. मोड येताना दाण्यात जे पाचक द्रव्य तयार होते, ते पुढे पिठुळ भागाची साखर करते. हे सर्व धान्य भरडून, एका मोठ्या जाळीदार पिशवीत घालून, त्याने ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले. पाणी त्याहून फार तापले तर पाचक द्रव्य मरते. फार निवले तर ते आळसावते. तो दर दहा मिनिटांनी उष्णतामापक बुडवून पाहत होता. तासाभराने पिशवी उचलून निथळली. भांड्यात उरले ते गोड, गढूळ, तांबूस पाणी. त्याला उकळी आली तेव्हा त्याने हॉप नावाच्या वेलीची वाळलेली फुले मूठभर टाकली. ही फुले कडू असतात आणि पेय टिकवतात. पण गव्हाच्या ह्या बिअरमध्ये त्यांचे प्रमाण बेताचेच ठेवायचे असते.

एवढ्यात त्याने आईला हाक मारली. "आई, पंधरा ग्रॅम धने जाडसर कुटून दे."

मंडळींना वाटले, दुपारच्या आमटीसाठी. ते धने बिअरमध्ये जाणार हे ऐकून त्या खलबत्ता हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. परंतु खरेच ह्या पेयाची ओळखच मुळी दोन वस्तूंनी होते, एक धने आणि दुसरी कडू संत्र्याची वाळलेली साल. ही साल कुरासाव बेटावरून येई. कॅरिबियन समुद्रातले ते बेट १६३४ साली डच लोकांनी घेतले आणि तेथल्या संत्र्याची साल ह्या उत्तरेकडच्या गारठ्यात येऊन पोचली. ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी काजू आणला आणि तो आमच्या डोंगरांचा होऊन गेला, तसेच हे. उकळी थांबविण्याच्या पाच मिनिटे आधी धने आणि साल भांड्यात पडली, आणि त्या परदेशी खोलीत क्षणभर आमच्या घरच्या फोडणीघराचा वास सुटला.

भांडे न्हाणीघरात थंड पाण्यात ठेवून वीस अंशांपर्यंत निवविले. मग मोठ्या बरणीत ओतून त्यात यीस्ट सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या तोंडाशी बोटभर फेस आला होता आणि नळीतून एकेक बुडबुडा निघत होता. आठवड्याने फेस बसला, की त्यात अडीच किलो आंबट चेरी घालायच्या. ह्या चेरी खालच्या मजल्यावरील वृद्ध बाईंच्या परसातल्या झाडाच्या, जुलैमध्ये तोडून बर्फाच्या कपाटात जपून ठेवलेल्या. गोठल्याने फळ आतून फुटते आणि रस लवकर सुटतो. त्या कपाटात ओल्या खोबऱ्याला जागा उरली नाही म्हणून मायलेकांत थोडी वादावादीही झाली.

बरणीकडे पाहत बसलो असताना मुलाने सहज विचारले, "बाबा, हुर्राक उतरला हे आजोबांना कसे कळायचे? त्यांच्याकडे तर मापक नव्हते."

मला उत्तर देता आले नाही.

येथे थोडे मागे जावयास हवे. आमचे घर सत्तरी तालुक्यातले. मागे डोंगर, डोंगरावर काजू. फेब्रुवारी सरला की बोंडू पिकू लागत आणि मेपर्यंत घराला सुट्टी नसे. आमचे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, दरसाल सरकारी लिलावात बोली करून भट्टीचा परवाना घेत. बोंडू गोळा करून आणायचे, बिया पिळून काढायच्या, कातळातल्या कोळंबीत बोंडू तुडवायचे, निघालेला रस भांड्यांत भरून दोनतीन दिवस आंबू द्यायचा आणि मग भाणात घालून चूल पेटवायची. भाणाच्या तोंडातून निघालेली वाफ नळीवाटे लावणीत थेंब थेंब उतरे. पहिल्या उतरणीचा तो हुर्राक. तो पुन्हा चढविला की फेणी. फेन म्हणजे फेस, त्यावरून फेणी, असे मानतात. एम. ए.ला शब्दव्युत्पत्ती शिकताना मला हे मोठ्या अभिमानाने आठवले होते. घरी मात्र तो अभिमान टिकला नाही.

१९९२ साली मी सरकारी शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. दुसऱ्या वर्षी व्यसनमुक्तीच्या सप्ताहात मी मुलांना 'मद्यपानाचे दुष्परिणाम' ह्या विषयावर निबंध घातला. मागच्या बाकावरून एक मुलगा हसला. का हसला, हे सर्व वर्गाला ठाऊक होते, मलाही. आमच्या गावात दारूपायी उद्ध्वस्त झालेली दोन घरे मी डोळ्यांदेखत पाहिली होती, त्यामुळे माझ्या मनातली अढी केवळ दिखाऊ होती असे नाही. पण त्या रात्री मी भाऊंना जे बोललो ते त्या दोन घरांसाठी बोललो नाही. स्वतःच्या अब्रूसाठी बोललो. "यंदा लिलावाला जाऊ नका," एवढेच मी म्हणालो. भाऊ गप्प राहिले. लिलावाचा दिवस आला, ते घरातच राहिले. तांब्याचे भाण पुढे न्हाणीत पाणी तापविण्यासाठी लावले गेले. भाऊ २००९ साली वारले. त्याच वर्षी काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. वर्तमानपत्रातली ती बातमी मी वाचली आणि पान उलटले.

लहानपणी मी भट्टीवर असे तो बोंडू तुडविण्यापुरता. चुलीपाशी बसून भाऊ काय पाहतात, काय ऐकतात, केव्हा लाकूड ओढतात, हे मी कधी विचारले नाही. आणि पुढे विचारण्याचा अधिकारच मी गमावला. म्हणून मुलाच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पुढल्या शनिवारी तो आम्हांला हूगार्डनला घेऊन गेला. ल्यूव्हनहून आगगाडीने टीनेन, तेथून बसने थोडे दक्षिणेला. टीनेन हे साखरेचे गाव. नोव्हेंबरात बिटाचा हंगाम असतो. शेताच्या कडेला चिखलाने माखलेल्या बिटांचे लांबच लांब ढीग रचलेले दिसतात. जमीन हलक्या चढउतारांची, आकाश खाली आलेले, पाऊस पडतो की नाही हे छत्री उघडल्यावरच कळावे असा. हूगार्डन हे ह्या सपाटीवरचे लहानसे खेडे. मध्ये संत गोर्गोनियस ह्यांचे अठराव्या शतकातले चर्च, खेड्याच्या मानाने फारच भव्य. भोवती विटांची घरे आणि जवळच एक कारखाना. वाऱ्याची दिशा बदलली की शिजलेल्या धान्याचा वास सबंध गावावरून जातो.

मुलाने केलेली धने आणि संत्रासालीची बिअर मूळची ह्या खेड्यातली. येथे पंधराव्या शतकापासून ती होत आली असे गाव मानते. एकोणिसाव्या शतकात ह्या एवढ्याशा गावात तेरा भट्ट्या होत्या. पुढे पिवळ्या, नितळ, यंत्रावर होणाऱ्या बिअरचा जमाना आला. गढूळ, आंबटसर गव्हाची बिअर गावंढळ ठरली. एकेक भट्टी विझत गेली आणि १९५७ साली टॉमसिन ह्यांची शेवटची भट्टी बंद पडली. त्या दिवशी हे पेय पृथ्वीवरून नाहीसे झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

टॉमसिन ह्यांच्या समोरच सेलिस ह्यांचे घर होते. गुरे बाळगणारे घर. त्या घरचा पिएर, जन्म १९२५, लोकांच्या दारी दूध घालीत असे. तरुणपणी अधूनमधून तो समोरच्या भट्टीत मदतीला जाई. त्याने रसायनशास्त्र शिकलेले नव्हते. पण मदतीला उभा असताना त्याने पाहिले होते, हुंगले होते, चाखले होते. भट्टी बंद पडून आठनऊ वर्षे झाल्यावर, १९६६च्या सुमारास, ह्या गवळ्याने आपल्या घरच्या गोठ्यावरील माळ्यावर ती बिअर पुन्हा करून पाहिली. वडिलांनी त्याला पैसे उसने दिले. गावात मूळ चव आठवणारी माणसे अजून हयात होती. त्यांना फसविणे शक्य नव्हते. त्यांनी ती ओळखली.

पुढची हकीकत मोठी आहे. माळ्यावरचे काम वाढले, मोठी जागा घेतली. १९८५ साली तेथे आग लागली. पुन्हा उभारणीसाठी पैसा लागला, तो देणाऱ्या मोठ्या कंपनीचा शिरकाव झाला, आणि काही वर्षांनी पिएर सेलिस आपल्याच भट्टीतून बाहेर पडले. वयाच्या पासष्टीनंतर ते अमेरिकेत गेले आणि १९९२ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे त्यांनी तीच गव्हाची बिअर पुन्हा सुरू केली. २०११ साली हूगार्डन येथेच त्यांचे निधन झाले. दरम्यान २००५ साली कंपनीने जाहीर केले, की हूगार्डनची भट्टी बंद करून हे पेय दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यात करण्यात येईल. सबंध गाव रस्त्यावर आले. दोन वर्षांनी, २००७ साली, कंपनीने निर्णय फिरविला. आज ते पेय तेथेच होते. आपले नाव असलेली वस्तू आपल्या वाऱ्यावर शिजली पाहिजे, एवढा त्या लोकांचा हट्ट.

तेथल्या एका उपाहारगृहात मुलाने ती मागविली. जाड काचेचा षट्कोनी पेला, त्यात तांदळाच्या पहिल्या धुवणासारखे गढूळ पेय. मी एक घोट घेतला. आयुष्यातला माझा तो पहिला म्हणता येणार नाही, कारण लहानपणी बोंडाचा निरो आम्ही सर्वच पोरे पीत असू आणि तो दुपारपर्यंत थोडा चढलेला असे. धने ओळखता आले. साल ओळखता आली. मी पेला मुलाकडे सरकविला आणि खिडकीतून समोरच्या घरांकडे पाहत राहिलो. मनात एकच विचार होता: हा गवळी मदतीला उभा तरी होता. मी तर तेथून निघून गेलो होतो.

ब्रुसेल्सला आम्ही गेलो ते फळाच्या बिअरसाठी. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर, आंडरलेख्त भागात, कांतियों नावाची १९०० सालची कौटुंबिक भट्टी आहे. १९७८पासून घराण्याने तिचे जिवंत संग्रहालय केले आहे. भट्टी चालूच असते, पाहणाऱ्यांनी त्यातून वाट काढायची. येथे होते ती लांबिक. तिच्यातही तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक कच्चा गहू असतो. पण गंमत अशी की तिच्यात यीस्ट घालीतच नाहीत. उकळलेले पाणी कौलांखालच्या माळ्यावर एका पसरट तांब्याच्या थाळ्यात रात्रभर उघडे ठेवतात. थंडीचा वारा आत येतो आणि त्याबरोबर हवेतले अदृश्य जीव. ऑक्टोबर सरत आला की हे काम सुरू होते आणि एप्रिलच्या आरंभी थांबते. उन्हाळ्यात हवेत नको ते जीव फार. आम्ही गेलो तेव्हा थाळा रिकामा होता, घासून लखलखीत केलेला. वर कोपऱ्यांत कोळ्यांची जाळी मात्र तशीच. ती मुद्दाम काढीत नाहीत, कारण फळांवर येणाऱ्या चिलटांना कोळीच आवरतात.

पेय मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे राहते. त्यात लिटरला सुमारे दोनशे ग्रॅम ह्या प्रमाणात आंबट चेरी घातल्या की ती क्रीक. पूर्वी ह्या चेरी स्खारबेक गावाहून येत. ते गाव आता ब्रुसेल्सच्या पोटात गेले आहे. तेथे बागा उरल्या नाहीत, पण चेरीच्या जातीला अजून तेच नाव आहे.

पिंपांच्या अंधाऱ्या रांगेत उभा असताना मी मुलाला म्हणालो, "आमच्या निऱ्यातही बाहेरून काही घालीत नसत. रस भांड्यात भरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी तो आपोआप खदखदू लागे."

"फळाच्या सालीवर यीस्ट असते, बाबा. आणि भांड्यात, कोळंबीच्या दगडात, मागच्या वर्षाचे. म्हणजे हीच पद्धत." मग थोडे थांबून तो म्हणाला, "आपल्या कोळंबीतले जीव कोणते, हे कोणी पाहिले असेल का?"

भट्टीविषयी आम्ही दोघे प्रथमच बोलत होतो. बेल्जियमच्या बिअर-परंपरेला युनेस्कोने मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले ते २०१६ साली, आणि गोवा सरकारने फेणीला राज्याचा वारसा ठरविले तेही २०१६ सालीच. ही दोन्ही वर्षे त्यानेच मला सांगितली. वारसा ठरतो तो कागदावर. तो चालतो मात्र चुलीपाशी बसणाऱ्यावर. कागद मी आयुष्यभर तपासले आहेत.

सुटीच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मुलाने आधीच्या खेपेच्या बाटल्या उघडल्या. पाचसहा मंडळी जमली. त्यात विद्यापीठातले दोन सहकारी, एक पुण्याचा विद्यार्थी, शेजारचे जोडपे आणि खालच्या मजल्यावरील त्या वृद्ध बाई, चेरीच्या मालकीण. मंडळींनी चकल्या तळल्या होत्या. मुलाने प्रत्येकासमोर कागद ठेवला. रंग, फेस, वास, चव आणि शेवटी तोंडात उरणारी चव, अशी पाच घरे आखलेली. माझ्यातला शिक्षक जागा झाला. पण ह्या खेपेस परीक्षार्थी माझा मुलगा होता.

पहिली बाटली उघडताच कारंजे उडाले आणि टेबलावरील चादर गुलाबी झाली. फळातली साखर पुरती संपण्याआधीच बाटल्या भरल्या, त्यामुळे आत वायू अधिक झाला, हे त्याने स्वतःच सांगितले आणि स्वतःच्या कागदावर प्रथम तेच लिहिले. पुण्याच्या विद्यार्थ्याने 'उत्कृष्ट' असे पाचही घरांत लिहिले. मुलाने तो कागद नम्रपणे बाजूला ठेवला. एका सहकाऱ्याने लिहिले, की लवंगेसारखा जो वास ह्या यीस्टला असावा तो चेरीखाली दडपला आहे. दुसऱ्याने लिहिले, धने कमी करावेत. वृद्ध बाईंनी पेला बराच वेळ नाकाशी धरला, दोन घोट घेतले आणि आपल्या भाषेत काही म्हटले. मुलाने भाषांतर केले: "फळ ओरडते आहे, गहू बोलतच नाही. माझ्या चेरी चांगल्या आहेत, पण एवढ्या घालू नकोस." बाईंच्या कागदावर पाचांपैकी तीन घरांत उणे गुण होते. मुलाने त्यांचाच कागद घडी करून आपल्या वहीत ठेवला.

मग त्याने माझ्याकडे कागद सरकविला. "बाबा, तुम्ही."

मी घोट घेतला. नव्या उत्तरपत्रिकेसमोर बसावे तसा बसलो. रंग, मावळतीच्या आभाळाचा. फेस, लवकर विरतो. वास, आधी धने, मग फळ. चव, आंबट, स्वच्छ. शेवटच्या घरापाशी मी थांबलो. जिभेच्या मुळाशी एक तुरट धागा उरला होता. पिकल्या बोंडाचा घास खाल्ल्यावर घशाशी जसा उरतो तसा, त्याहून खूपच हलका. मी लिहिले: 'तुरटपणा किंचित, बोंडासारखा. तो राहू द्यावा.' मुलाने ते वाचले आणि बराच वेळ काही न बोलता तो पेले धूत राहिला.

आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी नव्या खेपेच्या बाटल्या भरल्या. ह्या वेळी वायूचा बुडबुडा दोन दिवस पूर्ण थांबल्याची खात्री करून, लिटरला सहा ग्रॅम साखर मोजून. बुचे मी दाबली.

मार्चमध्ये, दहावीच्या परीक्षांच्या धामधुमीतून सवड काढून, मी गावी गेलो. भाऊंच्या वेळी चुलीत लाकडे सारणारा गडी आता सत्तरी ओलांडून गेला आहे आणि शेजारच्या वाड्यातील भट्टीवर असतो. वही घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो, तेव्हा तो आधी संकोचला. मास्तर पंचनामा करायला आले, असेच त्याला वाटले असावे. मी मुलाचा प्रश्न त्याला विचारला. त्याने करवंटीत थोडा हुर्राक घेतला, उंचावरून दुसऱ्या करवंटीत ओतला आणि मला दाखविले. फेसाचे मणी उठले, कडेला जमले आणि विरले. ते केवढे असतात आणि किती वेळ टिकतात, त्यावर सर्व अवलंबून. "पण डोळ्यांनी अर्धेच कळते," तो म्हणाला. "उरलेले जिभेवर. तुमचे भाऊ शेवटपर्यंत येत असत."

मी विचारले, "कोठे?"

"येथे. आपली भट्टी मोडल्यावर दर हंगामात संध्याकाळी येऊन बसायचे. थेंब जिभेवर घ्यायचे, थुंकायचे आणि सांगायचे, आता लाकूड ओढ. त्यांनी सांगितल्याशिवाय आम्ही लावणी बदलीत नव्हतो."

भाऊ संध्याकाळी देवळात कीर्तनाला जातात, अशी पंधरा वर्षे माझी समजूत होती.

वहीची सहा पाने त्या दिवशी भरली. कोळंबीचा उतार किती, निरो किती दिवस ठेवायचा, चिंचेचे लाकूड का नको आणि कोणते हवे, असे बरेच काही. ती मी मुलाला पाठविली आहेत. त्याचे उत्तर आले. नव्या खेपेत गहू बोलू लागला आहे, असे खालच्या बाई म्हणतात. फेस मात्र अजून लवकर विरतो. आणि शेवटी त्याने विचारले आहे, की न्हाणीतले भाण कोणी भंगारात तर घालणार नाही ना?

पुन्हा भट्टी लावण्याचे माझ्या मनात नाही. ते माझे काम नव्हे. पण भाण आता न्हाणीतून काढून, चिंच लावून घासून, ओसरीवर आणून ठेवले आहे. येणारे जाणारे विचारतात. मी सांगतो, भाऊंचे आहे.